वहीत न उतरलेली ओळ

मी एक ऑब्जेक्ट बोलतोय, म्हणजे एका पेशंटची माहिती धरून ठेवायला प्रोग्रामने बनवलेला कप्पा. जबलपुरात, राइट टाउनच्या एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या मेमरीत माझा मुक्काम आहे. आज संध्याकाळी डॉक्टर श्रद्धांनी ‘नवीन पेशंट’चं बटन दाबलं आणि मी जन्मलो. नाव भागीरथा, गाव पनागर, वय एकसष्ट. जन्मलो खरा, पण नोंद कुठेच नव्हती. तेव्हा लाइट गेली असती तर मी होतो हेही कोणाला कळलं नसतं.

मग सेशनने मला ताब्यात घेतलं. सेशन म्हणजे एक कारकूनच समजा. आमच्यात काय बदललं यावर त्याची नजर असते, आणि ‘कमिट’ म्हटलं की तो ते डेटाबेसच्या पक्क्या वहीत उतरवतो. त्याने मलाही उतरवलं. मला फार बरं वाटलं.

हा प्रोग्राम एकताने लिहिला आहे. तिच्या घरी खोलीबाहेर पडताना पंखा बंद करायची कडक शिस्त, तीच तिने इथे आणली. नोंद झाली की सेशन बंद. त्यामुळे मी स्क्रीनवर राहिलो, पण माझ्यावर नजर ठेवणारं कोणी उरलं नाही.

आता माणसांची खोड बघा. खरी गोष्ट ती चपला घालताना सांगतात. भागीरथाबाई दारातून वळून म्हणाल्या, “डॉक्टर दीदी, मागे पेनिसिलिनची सुई दिली होती, तं माझा गळा सुजून गेला होता.”

डॉक्टरांनी लगेच तसं लिहिलं. ओळ माझ्यात आली, स्क्रीनवर झळकली. वहीत गेली नाही. मला कळत होतं, पण आम्हाला तोंड कुठे असतं? उद्या डॉक्टर येणार नव्हत्या. भागीरथाबाईंना उद्याची सुई कंपाउंडर देणार होता, वही बघून.

डॉक्टर कॉम्प्युटर बंद करणार, इतक्यात शेजारच्या खोलीतून एकता आली. तिथल्या कॉम्प्युटरवर ती प्रोग्राम तपासत होती.

“दीदी, थांबा. भागीरथाबाईंची ॲलर्जी तिकडे दिसतच नाही.”

“काहून? इथं तर दिसून राहिली.”

एकता कॉम्प्युटरसमोर बसली. “दिसून राहिली, पण सेव्ह नाही झाली. सेशन मीच आधी बंद करून टाकलं. चूक माझी आहे.”

तिने नवं सेशन उघडलं. त्याने वहीतून दुसरी भागीरथा आणली, माझ्यातली ओळ तिच्यात उतरवली, आणि कमिट झालं. पक्की झाली ती. मी तसाच सुटा राहिलो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता डॉक्टर कॉम्प्युटर बंद करतायत. जाता जाता एवढंच सांगतो, स्क्रीनवर दिसलं म्हणजे लिहिलं गेलं असं समजू नका, एकदा वही उघडून बघा. उद्या भागीरथाबाई येतील, कंपाउंडर त्यांची नोंद वाचेल आणि दुसरी सुई काढेल. मी नसेन तेव्हा.