बोटं कुठं ठेवली

"खुर्च्या पुढाऱ्यांला, आन् आपण हितं खड्यांवर," कुशाबाई शहाबानोच्या कानाशी पुटपुटल्या. "मनाची एवढी ताकद हाय तर एक सतरंजी आणायची."

वरवंडच्या शाळेचं मैदान भरलं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी, त्यांचे आईबाप, आणि मंचावर पांढऱ्या बुटांतले मनोबलगुरू. भैरू पैलवानाचा आडवा हात त्यांनी दोन बोटांनी खाली पाडला. मग त्याच हातात तांब्याचं कडं घालून पुन्हा दाबला. हात हलेना. टाळ्या पडल्या.

"दुखणं म्हणजे मनाचा आळस," गुरू म्हणाले. "झोपलेल्या शक्तीला हे कडं हाक मारतं."

"आमच्या सूनबाईला घाला एक," कुशाबाई म्हणाल्या.

मग गुरूंनी शहाबानोच्या निलोफरला बोलावलं. गेल्या भरतीत आठशे मीटरला ती दोन सेकंदांनी राहिली होती, रविवारी पुन्हा पळायचं होतं. महिनाभर पोरगी हसली नव्हती, रडलीही नव्हती. पायाचं विचारलं की एकच उत्तर, "काय वाटत न्हाई, अम्मी." सकाळी पाय जमिनीला टेकताना ती श्वास धरायची, तेव्हा शहाबानो तव्यावरच्या भाकरीकडे बघायची.

निलोफर डावा पाय ओढत पायरी चढली. तिला पळायला शिकवणारे जालिंदर सर शिट्टी पुसत बसले.

कड्याविना तिचा हात पडला, दुसरं कडं घातल्यावर टिकला.

"हे घालून पळ. दुखलं तरी थांबायचं नाही."

शहाबानोची वीस वर्षं बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलण्यात गेलेली. क्रेट पोटाशी धरला तर पेलतो, तोच हात लांब करून धरला तर माणसाला वाकवतो. ती गुरूंची बोटं बघत होती. कड्याविना बोटं मनगटावर होती. कडं आल्यावर कोपराच्या मागं, खांद्याकडे सरकली.

ती उठून मंचावर गुरूंसमोर गेली. "सर, कडं हातातच राहू द्या. आता मनगटावर दाबा."

"शंका घेतली की शक्ती जाते, ताई."

"मग आम्हीच बघतो. कुशामावशी, या वर."

भैरूच्या हातात पहिलं कडं अजून होतंच. सत्तरीच्या कुशाबाईंनी त्याचं मनगट दाबलं. हात पडला. कडं काढून कोपरामागं दाबलं. हात जागचा हलला नाही.

"अगं बया," कुशाबाई म्हणाल्या, "माझ्यातबी शक्ती हाय की." मैदान हसलं. गुरू पाणी प्यायला लागले.

निलोफर हसली नाही.

शहाबानोनं तिच्या हातातलं कडं काढून टेबलावर ठेवलं. "दाबणाऱ्याची बोटं कुठं हायेत, एवढं जरी बघितलं तरी कुणी फसायचं न्हाई," ती लोकांना म्हणाली. मग जालिंदर सरांकडे वळली.

"सर, रविवारी ही पळणार न्हाई. उद्या हाडाचा फोटो काढायचा. पोरीच्या मनाला काय झालेलं न्हाई, तिचा पाय गेलाय. महिनाभर ती लंगडतीय, तुम्ही बघताय, समदा गाव बघतोय. आन् मी आई असून भाकरीकडं बघत बसले."