एका दमाचा सूर

मुलांनो, हात बरगड्यांवर ठेवा आणि छाती भरून श्वास घ्या. बरगड्या बाहेर सरकल्या ना? आता समजा, तुम्ही चापून बसणारा झगा घातलाय आणि बरगड्यांना सरकायला जागाच नाही. मग लांब सूर लागेल का?

चिमटीच्या आईनं नेमका हाच विचार केला होता. आई कपडे शिवायची. चिमटी नऊ वर्षांची. बोलण्यात चिमटे काढायची, म्हणून चिमटी.

तिचे बाबा क्लॅरिनेट वाजवायचे. एका नामांकित गायिकेबरोबर दौऱ्यावर गेले, ते तिच्याच घरी राहिले. पुढे तिलाही सोडून गेले. तेव्हा उतारवयात त्या बाईंनी एक विरहाचं गाणं गायलं. त्यांच्या जुन्या गाण्यांपुढे ते कुणाला आठवतही नसे. आई मात्र मशीनवर बसली की तेच लावायची.

"नवरा तिनं नेला," दातांत दोरा धरून ती म्हणायची, "आणि तो गेल्याचं रडगाणंही तिनंच गायलं. मला रडायलासुद्धा काही ठेवलं नाही."

मग एकदा त्याच बाईंनी आईकडे झगा शिवायला टाकला. आई माप घ्यायला गेली, तर बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे बाईंनी घालून बघितला तेव्हा झगा झकास बसला. घरी आल्यावर आईनं तो दोन्ही कुशींना, बरगड्यांवरच्या शिवणींत, अर्धा अर्धा इंच आत घेतला.

"त्या रडगाण्याच्या शेवटच्या ओळीचा सूर एका दमाचा आहे," ती म्हणाली. "तिथेच तुटेल. भर सभेत."

कार्यक्रमाला आई शेवटच्या रांगेत जाऊन बसली. झगा घेऊन चिमटी आत गेली. पाठीचे हूक लावायचं काम तिचं होतं. खिशात नेहमीची छोटी कात्री होती.

"घट्ट झालाय गं," बाई म्हणाल्या.

"जेवलात का जास्त?"

बाई हसल्या. "आगाऊच आहेस! आज माझं एक गाणं आहे, ते लागलं की लोक चहाला उठतात. तू नको हं उठू."

"मला पाठ आहे. आई रोज ऐकते."

"रोज? इतकं आवडतं?"

"मुळीच नाही."

"मग कशाला ऐकते?"

"बाबा गेले म्हणून. तुमच्याबरोबर."

आरशात बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कुशीवरून हात फिरवला.

"म्हणजे हे माप चुकलेलं नाही."

"आईचं माप चुकत नाही."

बाहेर पहिली घंटा झाली. बाई हळूच म्हणाल्या, "उसव ना बाळ. दोनच टाके."

चिमटीनं कात्री काढली. "उसवते. पण गाण्याआधी सगळ्यांना सांगा, नवरा आधी कुणाचा गेला ते. आई मागे बसलीय."

"लोकांसमोर?" बाई ताठ झाल्या. "ते नाही जमायचं. लोक काय म्हणतील मला?"

दुसरी घंटा झाली. बाई आरशात बघून केस सारखे करत राहिल्या.

मग चिमटीनं कात्री खिशात टाकली, "श्वास सोडा," म्हणाली, आणि राहिलेला सगळ्यात वरचा हूक ओढून लावला.