बोटीचा ब्रेक

निवृत्त झाल्यापासून आमचे हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या बस बघायचे आणि पुटपुटायचे, "उशिरा आली." अख्खी नोकरी त्यांनी कंडक्टर म्हणून काढली. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूससुद्धा उठून पुढे सरकायचा. तो आवाज आता दिवसभर मी एकटी ऐकत होते. माझ्या नाकी नऊ आले होते, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काळजी वाटत होती. खुर्चीत बसून बसून माणूस दिवसेंदिवस खचत चालला होता.

म्हणून वनखात्याला तलावावर पर्यटकांना पक्षी दाखवायला वल्ह्याची बोट सुरू करायची आहे असं कानावर आलं, तेव्हा मीच त्यांच्या मागे लागले. वल्हं मारायला त्यांचे जुने ड्रायव्हर तयारच होते. त्यांना मी भावजी म्हणते. दोघांनी वर्षानुवर्षं एकच गाडी चालवली, पण भावजी मुलखाचे अबोल, त्यामुळे दोघांचं बोलणं घंटीवरच चालायचं. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. भावजींनी कधी मागे वळून पाहिलं नाही. बोटीतही ते सगळ्यात पुढे, समोर तोंड करूनच बसले. उलटं बसून गाडी हाकणं त्यांना मान्य नव्हतं.

अट एकच होती. तलावाच्या पलीकडच्या टोकाला, लव्हाळ्यात पक्ष्यांची घरटी होती. तिथला एकही पक्षी बुजता कामा नये. वनाधिकारी बाई स्वतः बोटीत बसून बघणार आणि मगच परवानगी देणार.

पहिल्याच सरावाला यांनी सवयीने "चला, पुढे सरका" अशी हाळी दिली आणि काठावरचे बगळे झाडून सगळे उडाले. घरी येऊन हे पुन्हा खुर्चीत बसले.

"आपल्याला नाही जमायचं," म्हणाले.

"तोंडाला कुलूप लावा आणि हाताने बोला," मी म्हटलं. "घंटी नसली तरी बोटीला फळी आहे ना?"

तेव्हापासून फळीवर टकटक सुरू झाली.

परीक्षेच्या सकाळी पर्यटक म्हणून मला बसवलं होतं. पुढे भावजी, मध्ये बाई आणि मी, मागच्या टोकाला हे. पाणी संथ होतं. दोन टकटक झाल्या, बोट निघाली. बाई दुर्बिणीतून बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, म्हणजे ठीकच चाललं होतं.

लव्हाळ्याच्या वळणावर मात्र घरटं अगदी समोरच आलं. त्यात पाणकोंबडी बसलेली. यांनी एकदा टक् केलं. भावजींनी वल्हं पाण्याबाहेर काढलं आणि उजवा पाय तळाच्या फळीवर गच्च दाबला.

बोट आपली जातच राहिली. भावजींनी पाय आणखी दाबला.

पक्षी उडाला, की घरी ती खुर्ची वाट बघत होती. मी मागे पाहिलं. यांचं तोंड उघडलं होतं, आणि ते तोंड मी चांगलं ओळखते. पण त्यातून आवाज निघाला नाही. हे बोटीच्या मागून अलगद पाण्यात उतरले, छातीपर्यंत बुडाले, कड धरली आणि टाचा रोवून मागे रेलले. बोट थांबली. तिचं नाक लव्हाळ्याला टेकलं होतं. पाणकोंबडीने मान वळवून भावजींकडे पाहिलं आणि पुन्हा पंख सावरून बसली.

बाईंनी दुर्बीण खाली ठेवली. मग मागे वाकून कुजबुजल्या, "परवानगी द्यायला हरकत नाही. पण ब्रेक तुमच्याकडेच राहू द्या."

यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि चेहरा नोकरीच्या पहिल्या दिवशी होता तसा झाला होता. मला रडूच यायचं बाकी होतं. त्या आनंदात यांनी सवयीने फळीवर दोनदा टकटक केलं.

भावजींनी मागे न बघता बोट मोकळ्या पाण्याकडे वळवली आणि निघाले. हे तिथेच उभे, हात तसाच वर. ओरडायची सोय नव्हती. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, खांदे हलत होते.

शेवटी मीच फळीवर एकदा टक् केलं. भावजींनी लगेच पाय दाबला.