‘पाणपोई’मधली टाळी

आधीच सांगून ठेवते, ‘गारगोटी’चा नवीन अल्बम मला आवडलेला नाही. आजही नाही. पुढचं सगळं वाचून भानुमती मऊ पडली असं कुणी समजू नये.

‘गारगोटी’ म्हणजे आमचा बँड. पुण्याचा, मराठीत रॉक करणारा, आमच्या कॉलेजच्या दिवसांतला. तेव्हा मराठीत रॉक म्हटलं की लोक हसायचे आणि आम्ही त्या हसणाऱ्यांशी भांडायचो. आता नोकरीपायी दिल्लीला येऊन पडलो, केस पिकले, तरी भांडण काही सुटलं नाही. फक्त आता ते आपसात होतं.

आमचा रिवाज असा, की बँडचं नवीन काही आलं की रविवारी सकाळी मयूर विहारला आमच्या घरी जमायचं. सलग ऐकायचं, मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग मतं द्यायची, ती सर्वांत धाकट्यापासून. हा नियम दिनकररावांचा. ते मिनिस्ट्रीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांचं म्हणणं, साहेब आधी बोलला की खालचे सगळे नुसत्या माना डोलावतात.

त्यामुळे त्या रविवारी पहिली बोलली वैभवी. ही परभणीची पोरगी, राजेंद्र नगरला राहून यूपीएससीची तयारी करते. तिने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “मला तर एकदम भारी वाटला.”

झालं!

“भारी?” मी नियम मोडला. “अगं, यात ‘गारगोटी’चं उरलंय काय? ड्रमर सोडून गेला, बेसवाला गेला, गाणारा सुजयही गेला. जुना म्हणून एकटा हेरंब राहिलाय गिटार घेऊन. बाकी सगळी भरती.”

“ताई, मंडळात दर वर्षी मूर्ती नवीन आणतो ना आपण? गणपती तोच म्हणतो की नाही?”

“जुन्याचं विसर्जन करून आणतो,” दिनकरराव म्हणाले. “वाजतगाजत. इथे तसं काहीच झालेलं नाही. एक दिवस पाहिलं तर सुजयच्या जागी हा साकेत.”

गुडगावला आयटीत असलेला गौरव म्हणाला, “यार, पण पोरगा गातो चांगला.”

“चांगला तर माझा डेंटिस्टसुद्धा गातो!” मी म्हटलं.

माझा नवरा, बाळ, चहा घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे कुणाचीच बाजू न घेता पुन्हा आत गेला.

पण खरं दुखणं अल्बमचं नव्हतंच. दुखणं होतं ‘पाणपोई’चं. हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, सुजयनेच लिहिलेलं, आणि या लोकांनी ते साकेतकडून पुन्हा गाऊन घेतलं होतं. ‘पाणपोई’त शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे. ‘तहान जुनी नि रस्ता नवा’ इथपर्यंत सुजय यायचा आणि थांबायचा. सगळी वाद्यं बंद. आणि त्या शांततेत सगळ्या हॉलने एक टाळी द्यायची. एकच. मग तो पुढे म्हणायचा, ‘विचारू नको रे पाणी कुणाचं.’

ती टाळी कुठे द्यायची हे ज्याला कळतं तो आपला, बाकीचे पाहुणे. माझं लग्न त्या टाळीवर जमलं. शेजारी उभा असलेला एक उंच मुलगा दर वेळी जरा आधीच टाळी वाजवायचा. शेवटी मी त्याचा हात धरून ठेवला आणि वेळ झाल्यावर सोडला. तोच हा बाळ. अजूनही चुकतो.

नवीन ‘पाणपोई’त ती जागाच नव्हती. साकेत सगळी ओळ एका दमात गाऊन मोकळा. कुठे थांबणं नाही, कुठे शांतता नाही. मला तर कुणीतरी घरातली भिंत पाडावी तसं झालं.

“आपल्याला विचारलं का कुणी?” मी म्हटलं. “सुजयला तरी विचारलं असेल का?”

येत्या शनिवारी मंडी हाऊसजवळच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता, दिल्लीतला किती वर्षांनी पहिलाच. माझी योजना ठरली. साकेत त्या ओळीवर आला, की आपण आपल्या जुन्या जागी टाळी द्यायची, आणि थांबायचं नाही. तो गप्प होईपर्यंत टाळ्या, आणि सुजयच्या नावाचा गजर. सुजय स्वतः हॉलमध्ये असणार होता. त्याचा मान त्याच्या डोळ्यांदेखत त्याला परत द्यायचा. दिनकररावांना पटलं. गौरवने खांदे उडवले. वैभवी म्हणाली, “हे बरोबर नाही, ताई,” पण तिला कोण विचारतंय? मी तिथेच मेसेज लिहिला आणि नोएडा, गुडगाव, द्वारका, सगळ्या ग्रुपांवर सोडला.

आता सुजयचं सांगते. त्याला मी पहिल्यांदा भेटले ती काला अंबच्या बसमध्ये. संक्रांतीला आम्ही दिल्लीची मराठी मंडळी पानिपतला जातो, तिथल्या स्मारकावर डोकं टेकवायला. बसमध्ये प्रत्येकाने उभं राहून ओळख करून द्यायची असते. मागच्या सीटवरचा एक माणूस उठला आणि काहीतरी कुजबुजला. “मोठ्याने बोला!” आम्ही ओरडलो. शेजारची बाई, नीला, त्याची बायको, तिने सांगितलं, “याचा आवाज एवढाच आहे. हा सुजय. माझी बदली झाली म्हणून आम्ही लक्ष्मीबाई नगरला आलोय.”

मी चेहरा पाहिला आणि ओळखलं, हा तोच, ‘गारगोटी’चा सुजय. थायरॉइडचं ऑपरेशन झालं, आवाजाची नस दुखावली आणि त्याने बँड सोडला, हे आम्ही ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं. जन्मभर ज्याला देवासारखं ‘तू’ म्हटलं, त्याला त्या दिवशी समोर पाहून माझ्या तोंडून ‘तुम्ही’ निघालं. तेव्हापासून कधीमधी तो आमच्याकडे येतो, बाळशी बुद्धिबळ खेळतो. गाण्यांबद्दल आम्ही त्याच्यासमोर बोलत नाही. बोलवतच नाही.

पण योजना त्याला सांगायला हवी होती. बुधवारी संध्याकाळी मी त्याला घरी बोलावलं. वैभवीही आली होती, मला समजवायला. मी सुजयला सगळं सांगितलं, मेसेजही वाचून दाखवला. मला वाटलं होतं, त्याचे डोळे भरून येतील.

त्याने पंख्याकडे बोट केलं. पंखा चालू असला की त्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी पंखा बंद केला, स्वयंपाकघरातल्या बाळला मिक्सर थांबवायला सांगितलं.

“ते नवीन लाव ना,” सुजय वैभवीला म्हणाला. “शेवटचं कडवं.”

तिने लावलं. ओळ आली, गेली. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला कळेना, की हा माणूस हसतोय कशासाठी.

“हे असंच आहे,” तो म्हणाला. “मी लिहिलं ते असंच होतं. सलग.”

“म्हणजे?”

“पलंगावर पडून चाल लावली होती. तेव्हा एका दमात जमायचं. उभं राहून, गिटार गळ्यात घालून गायला लागलो तर श्वास पुरेना. पहिल्या शोला तिथे अडकलो. पूर्ण बंद पडलो. सगळे थांबले. आणि गर्दीतून कुणीतरी एक टाळी दिली. चल, होतं असं, म्हणून. तेवढ्यात मी श्वास घेतला, पुढचं गायलो.” तो थांबला, घोटभर पाणी प्यायला. “पुढच्या शोला सगळ्यांनीच दिली. मग तीच पद्धत पडली.”

मी त्याचा पेला पुन्हा भरला.

“मला दर वेळी वाटायचं, आज पुरी म्हणेन. सराव करायचो हो, घरी. पण तिथे आलो की तुमची टाळी पडायचीच. मग वाटलं, पुढच्या वर्षी. मग ऑपरेशन झालं.” त्याने गळ्यावरून हात फिरवला. “हेरंबने विचारलं होतं मला. साकेतला काय शिकवू म्हणाला. मीच सांगितलं, ती गॅप काढ. त्या पोराला दम आहे. मला ती ओळ एकदा पुरी ऐकायचीय. रेकॉर्डवर ऐकली. समोर, माणसांत, ऐकायचीय.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, खूप राग आला. “अहो, मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो तिथे?”

“मला सांभाळत होता,” तो म्हणाला. “दर वेळी सांभाळलंत. पण साकेतला त्याची गरज नाही, भानुमती.”

“पण ती टाळी आमची आहे!”

“आहेच. ओळ मात्र माझी आहे.”

पंखा बंद होता, सगळ्यांना घाम फुटला होता, पण उठून तो लावायचं कुणाला सुचलं नाही. वैभवी माझ्याकडे बघत नव्हती. शहाणी पोरगी. त्या क्षणी ती ‘मी म्हटलं होतं’ म्हणाली असती तर मी तिला घराबाहेर काढलं असतं.

त्या रात्री आणि पुढचे दिवस मी माझाच मेसेज निस्तरत बसले. पण मेसेज एकदा सुटला की सुटला. कुणी त्यात सुजयचा जुना फोटो घातला होता, कुणी ‘साकेत हटाव’ असं लिहून पुढे पाठवलं होतं. मी लिहिलं, ‘टाळी द्यायची नाही, सुजयची इच्छा आहे.’ उलट उत्तरं आली. बँडने तुम्हाला पास दिले वाटतं? सुजयला पुढे करून हेरंबच हे बोलतोय. दिनकरराव फोनवर म्हणाले, “भानुमतीबाई, आधी एक सर्क्युलर काढायचं आणि मग ते मागे घ्यायचं, यात ऑफिसची अब्रू जाते.” पण शनिवारी लोकांना ‘टाळी नको’ सांगायला सर्वांत आधी येऊन दाराशी उभे राहिलेले तेच होते.

हॉलमध्ये आम्ही रांगारांगांतून फिरलो. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वैभवी, बाल्कनीत गौरव. ओळखीच्यांना, अनोळखी लोकांना, सगळ्यांना सांगत सुटलो, “‘पाणपोई’त टाळी नको. प्लीज. गाणं संपल्यावर हवी तेवढी द्या.” द्वारकेचे एक गृहस्थ मला म्हणाले, “मॅडम, आम्ही त्या टाळीसाठी तिकीट काढलंय.” त्यांना काय सांगणार? चार दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, “मीसुद्धा,” आणि पुढे गेले.

सुजय आणि नीला आमच्याच रांगेत होते. नीला, सुजय, मी, आणि माझ्या पलीकडे बाळ. दिवे गेले, हेरंब आला, शिट्ट्या पडल्या. साकेत समोर आला तेव्हा मागून कुणीतरी “सुजय! सुजय!” ओरडलं, आणि तो पोरगा स्टेजवर कसनुसा हसला. पंचविशीतला असेल. मला पहिल्यांदा त्याची कीव आली आणि कीव आली याचाही मला रागच आला.

नवीन गाणी झाली. मला आवडली नाहीत, सांगितलंच आहे. मग हेरंबने ‘पाणपोई’ची सुरावट छेडली आणि सगळा हॉल उभा राहिला. सुजय मात्र बसून होता. मीही बसले. त्याचे हात मांडीवर होते, तळवे वर.

शेवटचं कडवं आलं. माझे हात आपोआप वर आले. हातांना कोण समजावणार, इतक्या वर्षांची सवय. मी एका हाताने दुसरा पकडला, आणि मग एकदम आठवलं, बाळ! हा तर आधीच वाजवणार. मी त्याच्याकडे झेपावले. पण त्याने दोन्ही हात आधीच पँटच्या खिशात खुपसून ठेवले होते, अगदी मनगटांपर्यंत, आणि समोर बघत उभा होता.

‘तहान जुनी नि रस्ता नवा—’

कुणी टाळी दिली नाही. मागे नाही, बाल्कनीत नाही, द्वारकेवाल्यांनीही नाही. सगळा हॉल हात आवरून उभा होता. आणि साकेत न थांबता पुढे गेला, ‘—विचारू नको रे पाणी कुणाचं.’ ओळ सलग वाहत गेली. मान्य करते, ती तशीच असायला हवी होती.

मी सुजयकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द न शब्द तो म्हणत होता, साकेतच्या बरोबरीने. ‘रस्ता नवा’पाशी तो अडकला. छाती वर आली, तोंड उघडं राहिलं. साकेत पुढे निघून गेला आणि हा तिथेच, श्वासासाठी थांबलेला.

मी माझा हात त्याच्या उघड्या तळव्यावर ठेवला. हळूच, एकदाच, आवाज न करता.

त्याने श्वास घेतला आणि उरलेली ओळ पुरी केली.