खंडेनवमीला धुतलेला दोर

मी एक जुना दोर आहे. खजुराच्या झाडावर चढलेला माणूस ज्याला पाठ टेकून दोन्ही हात मोकळे सोडतो, तो दोर. इकडे अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मला हबूल म्हणतात. आता मी हम्माद अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या बागेत एका खिळ्याला लटकलेलो आहे आणि माझा एक पदर तुटलेला आहे. तो कसा तुटला, हे सांगायला मला लाज वाटते. पण मित्रांनो, सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

माझा जन्म खजुराच्याच अंगातला. त्याच्या खोडाला काथ्यासारखे तंतू असतात. शौकतचाचा नावाच्या मुलतानकडच्या म्हाताऱ्या कामगारानं ते भिजवले, मांडीवर वळले आणि तीन पदरांचा मला केला. कमरेमागे येणारा रुंद पट्टा विणला. मग आठवडाभर मला सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवलं. चाचा मला कधी धूत नसत. काम झालं की धूळ झटकायची, सगळी लांबी अंगठ्याखालून सरकवायची आणि खुंटीला अडकवायचं, एवढंच. असं का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पुढे ते थकले, गावी परतले, आणि मी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या दत्तारामच्या कमरेला आलो.

दत्ताराम गुहागरचा. नारळी-पोफळींवर चढण्यात त्याची उमर गेलेली. खजुराच्या खोडावर छाटलेल्या झावळ्यांचे खुंट बघून तो पहिल्या दिवशी हसला होता. "ह्याला झाड म्हणतात होय? हा तर जिना आहे," म्हणाला आणि भराभरा वर गेला. मला तो माणूस तेव्हाच आवडला. वर पोचला की तो माझ्यावर असा रेलायचा, जसा कुणी दुपारी आरामखुर्चीत रेलतो.

तेव्हा बागेत खजूर आणि मधे नुसती वाळू होती. मग अरबाबांनी बाग बघायला पुण्याच्या अनुपमा मॅडमना नेमलं. त्या शेतकी शिकलेल्या आणि हट्टी. त्यांनी खजुरांच्या सावलीत लिंबं आणि डाळिंबं लावली, त्यांच्या पायाशी लसूणघास पेरला, छाटलेल्या झावळ्या जाळायच्या बंद करून त्यांचा चुरा जाड थरानं जमिनीवर पसरला. वरच्यानं खालच्याला सावली द्यायची, खालच्यानं वरच्यासाठी ओल धरायची, असा त्यांचा हिशेब. चार वर्षांत तिथे बुलबुल घरटी करू लागले.

अरबाब मात्र कुरकुरत. शेजारच्या बागेत माणसाला उचलून शेंड्यापर्यंत नेणारं यंत्र आलं होतं. "मॅडम, आपने तो जंगल बना दिया," ते म्हणत. "मशीन किधर से आएगा?"

"दत्ताराम आहे ना," मॅडम म्हणत.

दत्ताराम आणि मी. आमच्याशिवाय त्या बागेचं पान हलत नव्हतं. मी थोडा फुशारलोही होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे अवजारांच्या खोलीत मॅडमनी रोपं ठेवली. जागा कमी पडत होती, म्हणून आम्हा अवजारांची रवानगी एका पत्र्याच्या ट्रंकेत झाली. ट्रंक ठेवली खताच्या ढिगाशेजारी. तिथे सदा ओल आणि ऊब. कोयत्याला, कुदळीला त्याचं काही नव्हतं. माझा जीव मात्र त्या ट्रंकेत कोंडायचा.

मग आली खंडेनवमी. हंगाम संपला होता. दत्तारामनं कोयता आणि कुदळ घासून पुसली, तेल लावलं. मग मला बादलीत बुडवलं. सात हंगामांची धूळ आणि त्याचा स्वतःचा घाम त्यानं इतक्या मायेनं चोळून काढला, की मला भरून आलं. तासभर उन्हात टाकलं. वरून मी खडखडीत वाळलो. हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल आलं. त्यानं हात जोडले. "तूच सांभाळतोस रे बाबा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं.

माझ्या पोटातलं पाणी वाळलेलं नव्हतं. चार महिने मी अंधारात पडून होतो आणि मधला पदर आतून कुजत होता. मला ते कळत होतं. ते कळणं फार वाईट होतं, मित्रांनो, कारण मला तोंड नाही.

फेब्रुवारीत मादी झाडांचे तुरे उमलले. नराचा पराग त्यांच्यावर थोड्या दिवसांत पडला नाही, तर वर्षाचं पीक हातचं जातं.

"यल्ला, दत्ता," अरबाब म्हणाले. "चार दिन में खलास करो."

दत्तारामनं मला कमरेला बांधलं. मॅडमनी विचारलं, "दत्ताराम, दोर नीट चेक केलात ना?"

"मॅडम, खंडेनवमीला स्वतःच्या हातानं धुतलाय. देवापुढं होता," तो म्हणाला. मॅडमना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

पहिल्या झाडावर माझे काही तंतू तुटले. दुसऱ्यावर आणखी. मी उरलेल्या दोन पदरांना जीव खाऊन धरून होतो. तिसऱ्या झाडाच्या शेंड्याशी तो नेहमीसारखा मागे रेलला आणि परागाची पिशवी सोडायला त्यानं दोन्ही हात उचलले. मधला पदर गेला. बाकीचे दोन त्या हिसक्यानं सैल पडले. त्यानं झावळी पकडली, काट्यांनी तळवे फाटले, तो खोडावरून घसरत आला आणि शेवटची दोन पुरुष उंची सरळ खाली पडला. खाली मॅडमनी पसरलेला चुऱ्याचा थर होता म्हणून जीव वाचला. टाच आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा झाडावर चढायचं नाही.

काठी घेऊन तो बागेत परतला, तेव्हा मॅडम मला हातात घेऊन बसल्या होत्या. तुटलेल्या टोकाची काळी भुकटी त्यांच्या बोटांना लागली होती.

"ट्रंक तिथे ठेवायला मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"धुतला मी," दत्ताराम म्हणाला. "नुसता झटकायचा असतो, मॅडम. चाचा झटकायचे, अंगठा फिरवायचे. मी रोज बघायचो. मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे."

आता झाडांवर रामेश्वर नावाचा नवा गडी चढतो. त्याच्याकडे आत पोलादी तार असलेला नवा पट्टा आहे. दत्ताराम खाली रोपं सांभाळतो आणि कुणी वर असलं की त्याचं लक्ष रोपांत नसतं.

मित्रांनो, पाळण्याची दोरी, झोपाळ्याची कडी, माळ्याची शिडी, तुमच्या घरी असं कुणीतरी असेलच, जे माणसाचा भार उचलतं. त्याला फूल जरूर वाहा. पण आधी बोट फिरवून बघा. आमच्यावर प्रेम करणारे खूप असतात. तपासणारा एखादाच असतो, आणि कुठे दुखतंय ते आम्हाला सांगता येत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला दत्तारामनं रामेश्वरचा पट्टा मांडीवर घेतला. पाणी लावलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला, मग फूल ठेवलं. नंतर काठी टेकत तो माझ्यापाशी आला. माझ्यावरूनही त्यानं अंगठा फिरवला, तसाच सावकाश, आणि तुटल्या जागी आल्यावर थांबला.

"दुखलं असंल रे तुला," तो म्हणाला.

मला नाही, दत्ताराम. तुला.