दुसरी वेलांटी

मालकीणबाईंनी पत्रांचा गठ्ठा वेलांटीकाकांच्या टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या.

"कोशाचं ठरलं का?" काकांनी विचारलं.

"आधी ही वाचा."

काका या प्रकाशनसंस्थेत एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. संस्थेच्या शब्दकोशाची नवी आवृत्ती निघायची होती, आणि तिची मुद्रितं आपल्याकडेच यावीत ही त्यांची या जन्मातली एकमेव इच्छा होती. निर्णय आज व्हायचा होता. त्यासाठी ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"पोरांची पत्रं दिसतायत," वरच्या पाकिटाकडे बघत ते म्हणाले. पत्त्यातल्या 'लेखीका'तली दुसरी वेलांटी, म्हणजे त्यांच्या मते घोर अपराध, त्यांनी सवयीनं लाल पेनानं दुरुस्त केली. "त्या मालिकेची असणार. रिकामटेकड्या लेखिकेला रिकामटेकडे वाचक."

त्या मालिकेचे बासष्ट भाग निघाले होते. तीन मावसभावंडं आणि एक लंगडी मांजर. दर तीन-चार महिन्यांनी कुठल्या तरी बंगल्यात चोरी व्हायची, पोलीस हात टेकायचे आणि ही शेंबडी पोरं चोर धरून द्यायची. एकोणीस वर्षांत पोरांची इयत्ता पुढे सरकली नव्हती. तरी नवा भाग आला की दुकानांत झुंबड उडे. काका म्हणत, माश्या कशावरही बसतात.

मुद्रित तपासण्याची त्यांची एक रीत होती. ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायची. सरळ वाचलं की अर्थ आडवा येतो आणि चूक निसटते. चरित्रं, कवितासंग्रह ते उलटे वाचून झाल्यावर एकदा सरळही वाचत. या मालिकेला मात्र तो मान त्यांनी कधी दिला नाही. बासष्ट पुस्तकांतलं अक्षर न् अक्षर त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं, आणि एकाही पुस्तकातला चोर त्यांना ठाऊक नव्हता. हे ते अभिमानानं सांगत. नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं.

"मधलं निळं पत्र मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा सारखा केला. पत्र सहावीतल्या मुलीचं होतं.

"'मी हे पुस्तक चार वेळा वाचलं. मला वाटलं माझंच चुकतंय. बाबांना विचारलं तर म्हणाले, गोष्टच आहे, सोडून दे. पण या पुस्तकांत उत्तर आधीच कुठंतरी लिहिलेलं असतं. नीट बघितलं की आपल्यालाही सापडतं. म्हणून तर मी वाचते. घरात सगळे म्हणतात, तुला नाही कळणार. इथं असं कुणी म्हणत नाही. या वेळी तुम्ही फसवलंत.'"

"काय फसवलं?" काका म्हणाले.

बाईंनी बासष्टावा भाग उघडून पुढे सरकवला. "पान तेवीस. धमकीची चिठ्ठी. वाचा. सरळ वाचा."

"'पैसे विहिरीजवळ ठेवा.' बरोबर आहे की."

"लेखिकेनं काय लिहिलं होतं?"

काकांना आठवलं. हस्तलिखितात 'विहीरीजवळ' होतं. विहीर दुसऱ्या वेलांटीची, पण 'विहिरीजवळ' म्हणताना 'हि' पहिल्या वेलांटीची होते, एवढंही या लेखिकेला येत नाही म्हणून ते तेव्हा दिवसभर खूश होते.

"आता पान एक्क्याण्णव. माळ्याची वही."

तिथंही तोच शब्द होता, काकांनीच शुद्ध केलेला. त्याच्याखाली धाकटी मावसबहीण ओरडत होती, 'चिठ्ठीत आणि वहीत एकच चूक! विहिरीची वेलांटी बघा! माळीच चोर!'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या पुस्तकात माळी शुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगात गेला होता.

"त्रेचाळीस मुलांनी कळवलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही ध चा मा केलात, काका."

"मी मा चा ध केलाय, बाई. व्याकरण—"

"पोरांना कळलं. तुम्हाला नाही कळलं."

काकांनी पुस्तक मिटलं. शरमेपेक्षा त्यांना रागच जास्त आला होता, आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

"राहिलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घालू," बाई उठल्या. "मजकूर तुम्हीच द्या. आणि कोश मी विज्ञानाची पुस्तकं बघणाऱ्या बाईंकडे देतेय."

"त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे."

"असू दे. ते तुम्ही शेवटी एकदा बघा. पण कोशात प्रत्येक शब्दापुढे अर्थ असतो, काका."

बाई गेल्या. काकांनी कोरा कागद घेतला. शुद्धिपत्राला दोन रकाने असतात, डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. त्यांना ते टाळता आलं असतं, 'याऐवजी असे वाचावे' म्हणून भागलं असतं. पण नियम म्हणजे नियम, आणि तो संस्थेत त्यांनीच घालून दिला होता. त्यांनी डावीकडे लिहिलं, विहिरीजवळ. उजवीकडे लिहिताना हात अडला. दुसरी वेलांटी त्यांनी सावकाश काढली, दोन्ही पानांसाठी दोनदा, आणि कागद खाली पाठवून दिला.

दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरून अक्षरजुळणी करणाऱ्याचा फोन आला.

"काका, आज काय झालंय तुम्हाला?" तो हसत होता. "रकाने उलटे झालेत. बरोबर शब्द अशुद्धमध्ये गेलाय. मी फिरवून घेतो."

"नको," काका म्हणाले.

"अहो, पण चूक आहे ना ती."

"चूकच आहे. तशीच लाव."

"तुम्हीच सांगताय ना, काका?"

"हो," काका म्हणाले. "आणि खाली माझं नाव टाक."