तामखेड्याची चालू अभ्यासिका

परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडताना दिपमालाला एकाच प्रश्नाची पक्की खात्री होती. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिने पाठ केलेली होती; या एकाचं उत्तर तिला माहीत होतं. पाठ असणं आणि माहीत असणं यांत परीक्षेच्या दृष्टीने केवढा फरक पडतो, हे तिला अजून कळायचं होतं.

निवड मंडळाची पूर्व परीक्षा, चालू घडामोडींचा भाग. प्रश्न असा: राज्यातील पहिले ‘ई-अभ्यासिका ग्राम’ ठरलेल्या तामखेडे या गावाबाबत पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत? एक, हे गाव धुळे जिल्ह्यात आहे. दोन, तेथील अभ्यासिका ग्रामपंचायतीमार्फत चालवली जाते. तीन, ती चोवीस तास चालू असते.

दिपमाला तामखेड्याचीच. नरडाण्याला उतरून रिक्षाने गावात शिरलं की डाव्या हाताला मराठी शाळा आणि शाळेला लागून ती गुलाबी रंगाची अभ्यासिका. उद्घाटनाला दिपमाला स्वतः हजर होती. मान्यवर उशिरा आले, फीत कापली, एका संगणकाचं बटण दाबलं. तो चालू झाल्यावर टाळ्या पडल्या. तो चालू होणारच होता, कारण मागे जनरेटर लावला होता. मान्यवरांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसे संगणक आणि जनरेटर पुन्हा टेम्पोत चढले, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात उद्घाटन होतं. तिथेही काहीतरी राज्यातलं पहिलंच होतं.

त्यानंतर दाराला कुलूप लागलं. पुढे कापूस निघाला तेव्हा सरपंच बन्सीलाल नानांनी भाव येईपर्यंत म्हणून आपला कापूस आत भरला. भाव आला नाही, म्हणून कापूस गेला नाही. बाहेर भिंतीवर ठळक अक्षरांत ‘प्रवेश चोवीस तास’ असं लिहिलेलं होतं. त्याखालच्या खिडकीच्या फटीतून कापसाचं एक बोंड कायम बाहेर डोकावत असे.

तेव्हा तिसरं विधान चूक. दुसरं विधानही तसं संशयास्पदच होतं, पण सरपंचांचा कापूस म्हणजे ग्रामपंचायतीमार्फतच, असं म्हणून दिपमालाने ते चालवून घेतलं. ‘फक्त एक आणि दोन’ या गोलात तिने इतक्या समाधानाने शाई भरली, की ती थोडी बाहेरच गेली.

मंडळाची उत्तरतालिका आली. तिन्ही विधाने बरोबर.

दिपमालाने ती ओळ देवपुरातल्या अभ्यासिकेत बसून वाचली. गावची अभ्यासिका जगप्रसिद्ध असल्यामुळे तिला धुळ्यात येऊन खुर्ची भाड्याने घ्यावी लागली होती. तीन वर्षं ती तिथे बसून चालू घडामोडी गिळत होती. कुठल्या देशाचा अध्यक्ष पडला, कुठल्या नदीवर कुणी पूल बांधला, कोणत्या फळाला कोणतं मानांकन मिळालं. न पाहिलेल्या जगातला एकही प्रश्न तिचा चुकला नव्हता. चुकली ती शाळेशेजारच्या इमारतीवर.

शेजारच्या खुर्चीवर नशिराबादची ऋतिका बसत असे. तामखेडे कुठे आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि तिचं उत्तर बरोबर आलं होतं. दिपमालाने तिला सगळं सांगितलं. कापूस, कुलूप, जनरेटर. ऋतिकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझं चुकलंच ना मग,” ती म्हणाली. “तू उत्तर गावाकडून दिलंस. उत्तर सरकारकडून द्यायचं असतं.”

“म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं खोटं?”

“खोटं कोण म्हणतंय? अभ्यासक्रमात नाही, एवढंच.”

यावर दिपमालाने पुस्तक फटकन मिटलं. राग ऋतिकावर नव्हताच. राग त्या तिसऱ्या ओळीवर होता. कुणीतरी कुठल्यातरी कार्यालयात बसून ती लिहिली असणार. तिथून ती मासिकवाल्यांनी उचलली, मासिकातून क्लासवाल्यांनी, क्लासवाल्यांकडून पोरांनी, आणि आता ती प्रश्नपत्रिकेत बसली होती. एवढ्या प्रवासात एकालाही नरडाण्याला उतरावंसं वाटलं नाही.

आणि नुसता रागच नव्हता. सगळ्या क्लासवाल्यांच्या कटऑफच्या अंदाजात दिपमाला बरोबर काठावर येत होती. हा प्रश्न बरोबर धरला तर मुख्य परीक्षा, चूक धरला तर घर. वडिलांशी, म्हणजे हिलाल आबांशी, तिचं तसंच ठरलं होतं. यंदा मुख्य परीक्षेला बसली तर धुळ्याची खोली ठेवायची, नाहीतर गावी परत.

उत्तरतालिकेवर उमेदवारांना हरकत घेता येत होती. सोबत अधिकृत पुरावा जोडायचा होता. उमेदवाराचे डोळे अधिकृत पुराव्यात मोडत नव्हते. तेव्हा अभ्यासिका बंद आहे असं कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यायला हवं होतं, आणि तसा शिक्का गावात एकच होता. दिपमालाने नरडाण्यावरून शिरपूरकडे जाणारी एसटी पकडली.

ग्रामसेवक जितेंद्र भाऊसाहेब हा शहरातला, सभ्य माणूस. त्याने चहा मागवला. अभ्यासिका बंद असल्याचं त्याने लगेच मान्य केलं. इतकंच नाही, तर ग्रामसभेसाठी तिथल्या खुर्च्या काढायला गेलो तेव्हा कापसाने अंगभर खाज सुटली होती, हेही मन मोकळं करून सांगितलं. दिपमाला म्हणाली, एवढंच लिहून द्या, खाजेचं नाही लिहिलंत तरी चालेल.

जितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. “ताई, बंद आहे असं मी लिहिलं, तर ती बंद होईल.”

“आज ती काय आहे?”

“आज ती फक्त उघडत नाही.”

पण मुलगी लांबून आली होती आणि तिला रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या जिवावर आलं. ग्रामपंचायतीच्या संगणकात दाखल्याचा एकच नमुना तयार होता. विहीर असो, दुकान असो, लग्नातला लाऊडस्पीकर असो, सगळ्यांना तोच निघे. ना हरकत दाखला. जितेंद्रने मोठ्या कौशल्याने तो या कामाला बसवला, प्रिंट काढली, शिक्का मारला. दिपमालाने वाचलं: ‘कु. दिपमाला हिलाल यांनी मौजे तामखेडे येथील ई-अभ्यासिका बंद असलेबाबत हरकत घेणेस या ग्रामपंचायतीची कोणतीही हरकत नाही.’

“हे म्हणजे काय झालं, भाऊसाहेब?”

“तुम्ही हरकत घ्यायला आमची हरकत नाही.”

“पण मला तुमची हरकत पाहिजे होती.”

“तो नमुना नाही,” जितेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर खेद होता. ‘बंद असलेबाबत’ हे शब्द शिक्क्याखाली आले यातच तिने समाधान मानावं, असं त्याने सुचवलं. दुसरं काही मिळणार नव्हतं, म्हणून दिपमालाने मानलं.

ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवरच बन्सीलाल नाना भेटले. गावात रिक्षा शिरल्यापासून आतापर्यंत बातमी त्यांच्याकडे पोचली होती, पण अर्धीच. ते हसतमुखाने पुढे आले.

“आपलं गाव परीक्षामा वनं म्हने?”

“वनं नाना. पन चुकीचं वनं.”

“वनं ना पन!” नाना म्हणाले. गाव आलं एवढं त्यांना पुरे होतं; बाकीचं त्यांनी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सत्कार ठरला. गावाचं नाव राज्याच्या प्रश्नपत्रिकेत आलं, आणि ते आलं हे गावच्या लेकीने येऊन सांगितलं, असा दुहेरी योग होता. शिंदखेड्याहून फ्लेक्स करून आला. त्यावर नानांचा फोटो दारापेक्षा मोठा होता आणि दिपमालाचा, शाळेच्या ओळखपत्रावरून घेतलेला, नारळाएवढा. कुलूप उघडलं गेलं. कापूस मागच्या भिंतीकडे रेटून त्याच्यापुढे तो फ्लेक्स बांधला, त्यामुळे नानांच्या फोटोला मधोमध पोट आलं.

दिपमालाने नाही म्हणून पाहिलं. आईला सांगितलं, आबांना सांगितलं, की मी याच्या विरोधातच तर आले आहे. आई म्हणाली, शालीला नाही म्हणू नये. आबा म्हणाले, बठ्ठं गाव गोळा व्हई जायेल शे, आते काय तमाशा करस. शेजारच्या भिकुबाई अक्कांचं तोवर तिला कुंकू लावून झालं होतं. त्या अक्कांसमोर तिला मान हलवता आली नाही, आणि मान हलली नाही म्हणून शाल पांघरली गेली, शाल पांघरली म्हणून नारळ हातात आला. गावात सत्कार असाच होतो. ज्याचा होतो त्याला त्यात कामच नसतं.

मग स्थानिक पेपरचा माणूस म्हणाला, अभ्यास करतानाचा एक घेऊ. जितेंद्रच्या टेबलावरचा मॉनिटर आणून पुढे ठेवला. वायर जोडायला भिंतीत काही नव्हतंच. दिपमाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. स्क्रीनकडे पाहा, असं त्याने सांगितलं, म्हणून तिने पाहिलं. काळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं, कपाळभर कुंकू आणि केसांत कापूस. ती नाइलाजाने हसली. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

गर्दी पांगली, मॉनिटर परत गेला, कुलूप लागलं. त्याच दुपारी दिपमालाने शाळेच्या ओट्यावर बसून, गळा खाजवत, मोबाइलवरून हरकत दाखल केली. सोबत दाखला जोडला. बंद दाराचा फोटोही जोडला.

मंडळाचं उत्तर आलं ते पूर्व परीक्षेच्या निकालाच्या दिवशीच. तज्ज्ञ समितीने हरकतीचा साकल्याने विचार केला होता. ‘उमेदवाराने सादर केलेल्या दाखल्यात संबंधित ग्रामपंचायतीने स्पष्टपणे हरकत नसल्याचे नमूद केले आहे. तसेच दैनिकातील अलीकडील वृत्त व छायाचित्रात अभ्यासिकेचा लाभ घेताना एक विद्यार्थिनी दिसत आहे. दाराच्या छायाचित्रावरून अभ्यासिकेची वेळ सिद्ध होत नाही. सबब हरकत अमान्य.’

ती एक विद्यार्थिनी कोण, हे समितीने विचारलं नव्हतं. तज्ज्ञांना चेहऱ्यांशी काही देणंघेणं नसतं. दिपमालाने ‘छायाचित्रात एक विद्यार्थिनी’ हे शब्द पुन्हा वाचले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण स्वतःच आता चालू घडामोड झालो आहोत. यापुढे आपल्याबद्दल काय बरोबर हे आपल्याला विचारलं जाणार नाही.

कटऑफ तिच्या गुणांपेक्षा दीड गुण वर लागला. ऋतिका पास झाली. तिने पेढे आणले आणि एक दिपमालाच्या हातावर ठेवला. मग म्हणाली, “तुझंच बरोबर होतं गं.” ते तिने इतकं हळू म्हटलं, जणू मंडळाने ऐकलं तर तिचेही गुण जातील.

दिपमाला ट्रंक घेऊन गावी आली. आबा रागावले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी पेपरातलं ते कात्रण लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं होतं. ‘गावच्या अभ्यासिकेत घडताहेत भावी अधिकारी’ असा मथळा, खाली काळ्या काचेकडे बघून हसणारी त्यांची मुलगी. दुपारचं जेवण होत आल्यावर त्यांनी फार समजुतीच्या स्वरात विषय काढला.

“आखो परीक्षा देनी व्हई ते दे, मी नही म्हनत नही. पन धुळाले जाईसन काय करशी? गावमाज अभ्यासिका शे.”

“आबा, ती बंद शे. तुमले माहीत शे.”

आबांनी कात्रणाकडे बोट दाखवलं. “पेपरमा ते तूच बसेल शे.”

दिपमालाने ताट बाजूला सारलं. गेल्या तीन महिन्यांत तिला पुष्कळ लोकांनी खोटं ठरवलं होतं. त्यांत मंडळ होतं, तज्ज्ञ होते, शिक्का होता. पण ज्या माणसाने तो कापूस आत टाकायला स्वतः हात लावला होता, त्यानेही पेपर वाचून मत बदलावं, हे तिला सहन झालं नाही. ती उठली. एक पुस्तक घेतलं, मंडळाच्या उत्तराची प्रिंट घेतली आणि सरळ नानांच्या ओट्यावर गेली. आबा चप्पल शोधत मागून आले.

नाना दाढी करून घेत होते. तिने चावी मागितली. नाना म्हणाले, भर दुपारले काय काढं पोरी. तिने कागद उलगडून उभ्याउभ्याच वाचून दाखवला, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. बोळीतली माणसं थांबली. ‘ग्रामपंचायतीने स्पष्टपणे हरकत नसल्याचे’ इथपर्यंत आल्यावर ती थांबली आणि तिने नानांकडे पाहिलं.

“हाई तुम्हनंज शे ना, नाना? हरकत नही म्हनीसन?”

नानांच्या गालावर साबण होता. नाही म्हणावं तर गाव राज्यात पहिलं राहत नव्हतं, हो म्हणावं तर चावी द्यावी लागत होती.

“आते कापूस कथा ठेवू मी?” ते म्हणाले.

“राहू द्या तठेच. मी बाजुले बससू.”

लोक हसले. नानाही हसले, कारण हसण्यात कुणाची हरकत नोंदवली जात नाही. त्यांनी कमरेची चावी काढली आणि पोरीची हौस फिटू दे म्हणून स्वतः चालत आले. कुलूप गंजलं होतं, दोनदा हिसकल्यावर निघालं, ते दिपमालाने हातात घेतलं. आत तो फ्लेक्स अजून लटकत होता, पोटासकट. प्लास्टिकची खुर्ची होती तिथेच होती. दिपमालाने ती दारातल्या उजेडात ओढली, बसली, पुस्तक उघडलं. कापसाचा उग्र, कोंदट वास बाहेर येत होता. ती खाजवत होती आणि वाचत होती.

नानांनी गालावरचा साबण पुसला. मग त्यांनी विचारलं, “कितलाक येळ बसशी?”

“चोवीस तास शे ना? हाऊ पहिला तास शे.”

दारात आता चारपाच जण जमले होते. आबा त्यांच्या मागे होते आणि त्यांना आपली मुलगी नीट दिसत नव्हती, म्हणून टाचा उंचावत होते. नानांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, बस बस, काही नाही, पण जाताना लावायला कुलूप तरी दे. त्यांनी हात पुढे केला.

कुलूप दिपमालाच्या मांडीवर, पुस्तकाखाली होतं. तिने पान उलटलं.

“चोवीस तास उघडी ऱ्हास, नाना,” ती म्हणाली. “तिले कुलूप कसाले?”